गाडी कोणी केली, हे आधी विचारा

गेल्या जानेवारीत रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचा विद्यार्थी-संघ आपण बांधलेली शर्यतीची गाडी टेम्पोत घालून कोइम्बतूरला ‘फॉर्म्युला भारत’ या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांच्या स्पर्धेला गेला, आणि मुख्य शर्यतीत निम्म्याहून अधिक अंतर कापल्यावर साखळी तुटल्याने ती पुरी न करताच परत आला. घडले ते एवढेच. त्यावरून पालकसभेत, माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात आणि तालुक्यातल्या जवळजवळ प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप गटात जो वाद सुरू झाला, तो मात्र गणपती येऊन गेले तरी मिटलेला नाही. एका पक्षाचे म्हणणे असे की, ज्या महाविद्यालयात प्रयोगशाळेतली निम्मी उपकरणे बंद आहेत तिथे असल्या खेळण्यावर लाखो रुपये घालवणे हा निव्वळ माज आहे. मुलांना यंत्रेच करायची असतील तर त्यांनी काजू फोडण्याचे, माडावर चढण्याचे, कोकम फोडण्याचे यंत्र करावे. दुसऱ्या पक्षाला वाटते की या गाडीमुळे कोकणचे नाव देशभर झाले, मुलांना मोठ्या कंपन्यांची दारे उघडली, आणि टीका करणारे लोक टोपलीतल्या खेकड्यांसारखे दुसऱ्याचा पाय ओढणारे आहेत.

माझ्या आयुष्याची बरीच वर्षे तंत्रनिकेतनाच्या कर्मशाळेत मुलांच्या हाती कानस देण्यात गेली, त्यामुळे या वादात मी अगदीच त्रयस्थ नाही. मला दोन्ही बाजूंचे युक्तिवाद कच्चे वाटतात. महाविद्यालयाने या संघाला पैसा, जागा आणि वेळ द्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु तो देताना गाडी कितवी आली हे विचारू नये, तर गाडीतले काय काय मुलांनी स्वतःच्या हाताने केले हे विचारावे, आणि पुढच्या वर्षीचा पैसा त्या उत्तरावर ठरवावा. हा प्रश्न विरोधकांनी विचारला नाही, कारण त्यांच्या लेखी गाडी म्हणजे खेळणेच. समर्थकांनी तो विचारला नाही, कारण त्याचे उत्तर सोयीचे नाही.

वाद घालणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी या स्पर्धेची नियमावली उघडून पाहिली असावी. लोक तिला शर्यत म्हणत असले तरी तिथे चाकाला चाक लावून गाड्या पळवत नाहीत. प्रत्येक गाडी घड्याळाशी झुंजते. १९८१ साली अमेरिकेत सुरू झालेली, १९९८ मध्ये ब्रिटनला आणि २००६ मध्ये जर्मनीतल्या होकेनहाइमला पोहोचलेली ही कल्पना आपल्याकडे कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर ‘फॉर्म्युला भारत’ या नावाने राबवली जाते. एकूण गुण १०००, आणि त्यांतले ३२५ गाडी जागेवर उभी असतानाच मिळतात किंवा जातात: १५० आराखड्याचे, १०० खर्चाच्या हिशेबाचे आणि ७५ ही गाडी धंदा म्हणून कशी उभी राहील हे समजावून सांगण्याचे. मैदानात सोडण्याआधी गाडीला एका फलाटावर ६० अंशांपर्यंत कलवतात आणि ती उलटत नाही हे पाहतात. ब्रेक दाबला की चारही चाके एकदम जखडली पाहिजेत, आणि पट्टे सोडून चालकाला पाच सेकंदांत बाहेर पडता आले पाहिजे. पेट्रोलच्या इंजिनाला लागणारी सगळी हवा २० मिलिमीटर व्यासाच्या एकाच भोकातून, म्हणजे साधारण नव्या एक रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेतून, आत घ्यावी लागते. त्यामुळे नुसते दांडगे इंजिन आणून जिंकण्याची वाटही तेवढीच अरुंद होते. एवढ्यातून पार पडलेली गाडी शेवटी मध्ये चालक बदलून सुमारे २२ किलोमीटर पळवायची असते, आणि चांगल्या चांगल्या संघांच्या गाड्या तिथेच बसतात.

आता मला सांगा, आपल्या शिक्षणात दुसरीकडे कुठे अशी परीक्षा होते? तारीख सहा महिने आधी ठरलेली, नियम कोणाच्या शब्दाखातर न बदलणारे, आणि परीक्षक असा की ज्याला तुमच्या वडिलांचे नाव, तुमची जात, तुमच्या संस्थाचालकांचा पक्ष यांतले काहीच ठाऊक नाही. तो गाडीपाशी वाकतो आणि एखाद्या कंसावर, म्हणजे भाग धरून ठेवणाऱ्या आधारावर, बोट ठेवून विचारतो, “हा एवढा जाड का?” या संघातल्या एका मुलाने मला सांगितले की पहिल्या वर्षी त्याने या प्रश्नाला “आधीच्या मुलांनी तसाच केला होता” असे खरे उत्तर दिले, आणि परीक्षकाने पुढे एक शब्दही न बोलता कागदावर काहीतरी लिहिले. चार वर्षांच्या अभ्यासक्रमात त्या मुलाला पहिल्यांदा ‘का’ असे कोणी विचारले होते, आणि तेही हजारेक किलोमीटर दूर जाऊन.

उपयुक्ततेचा मुद्दा विरोधकांचा हुकमी एक्का आहे, आणि तो मी हलका लेखत नाही. कोकणात यंत्रांची वाण आहे हे खरेच. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने आंबा उतरवण्यासाठी ‘नूतन झेला’ तयार केला तेव्हा देठासकट, डाग न पडता फळ हाती येऊ लागले. एका साध्या काठी-जाळीच्या अवजाराने बागायतदाराचा केवढा फायदा केला हे इथे कोणाला सांगायला नको. असे काम अभियांत्रिकीच्या मुलांनी करावे ही अपेक्षा रास्त आहे. पण ही अपेक्षा काही आज जन्मलेली नाही, आणि तिचे काय होते ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. शेवटच्या वर्षाचे प्रकल्प गेली कित्येक वर्षे याच विषयांवर होतात. काजू फोडणारे यंत्र, नारळ सोलणारे यंत्र, बहुपयोगी फवारणी यंत्र. त्यांचे आराखडे जुन्या अहवालांतून उतरतात, सांगाडा बाहेरच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून येतो, तोंडी परीक्षेच्या आदल्या रात्री त्याला निळा रंग लागतो, काळ्या बांधणीचा अहवाल कपाटात जातो आणि यंत्र कर्मशाळेच्या मागे. दोन पावसाळ्यांनंतर तिथे फक्त गंजाचा ढीग उरतो. त्यांतल्या एकाही यंत्राने सलग एक पोते काजू फोडून दाखवावा, असे म्हणायला बाहेरचा माणूस कधी आला नाही. विषय उपयोगी निवडला म्हणजे काम उपयोगी झाले, असे कसे म्हणता येईल?

ज्यांना शेतीची यंत्रेच हवी आहेत त्यांनी त्यासाठीही अशीच कडक परीक्षा मागावी. मी त्यांच्या बाजूने सही करीन. एसएई इंडिया या संस्थेची ‘टिफन’ नावाची स्पर्धा आहेच. नाव ऐकून आपली तिफण आठवते, आणि तिच्यात विद्यार्थी शेतीची यंत्रे करून प्रत्यक्ष शेतात चालवून दाखवतात. उद्या आपल्या महाविद्यालयाने तिकडे संघ पाठवला तर उत्तमच. पण गाडीचा संघ बंद करून तो पैसा पुन्हा निळ्या रंगाच्या यंत्रांत घालणे म्हणजे आगीतून निघून फुफाट्यात जाणे होय.

शिवाय हौसेची वस्तू आणि उपयोगाची वस्तू यांच्यामधली भिंत आपण समजतो तितकी पक्की नसते. १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे बंधू रामूअण्णा यांनी बेळगावात धंदा सुरू केला तो सायकलींचा. त्या काळात सायकल म्हणजे काय होती? साहेबाची आणि श्रीमंत हौशी माणसाची चैन. दुष्काळात होरपळणाऱ्या मुलखात असली चैनीची वस्तू विकणाऱ्या दोन भावांना शेतकऱ्यांचे हितकर्ते म्हणण्याचे धाडस तेव्हा कोणी केले असते असे वाटत नाही. परंतु त्याच दुकानातून पुढे कडबा कापण्याचे यंत्र आले, मग लोखंडी नांगर आला, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. लोखंडाने जमीन नासते या समजुतीमुळे तो नांगर सुरुवातीला शेतकरी घेईनात, ही गोष्ट तर सर्वश्रुत आहे. म्हणजे उपयुक्त वस्तूलाही उपयुक्त म्हणून मान्यता मिळायला वेळ लागतो. सायकलीतून नांगर निघतोच असा सिद्धान्त मी मांडत नाही. हात एकदा यंत्राला सरावले की ते पुढे कशाकडे वळतील हे आधी सांगता येत नाही, आणि हात सरावलेच नाहीत तर मात्र काय होईल ते नक्की सांगता येते.

इथवर समर्थकांना माझे म्हणणे गोड वाटले असेल. आता त्यांच्याविषयी. ही मंडळी झुरिकचा दाखला फार देतात. तिथल्या ईटीएच विद्यापीठाच्या आणि ल्युसर्नच्या विद्यार्थ्यांनी बांधलेल्या विजेवरच्या गाडीने सप्टेंबर २०२३ मध्ये शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग ०.९५६ सेकंदात गाठला, ही गोष्ट खरी आहे आणि थक्क करणारी आहे. पण तिचा आपल्या वादाशी काय संबंध? त्या मुलांनी मोटरपासून तिच्या नियंत्रकापर्यंत कितीतरी भाग स्वतः घडवले. आपल्या गाडीत काय आहे? इंजिन मोटरसायकलचे, टायर परदेशी, झटके शोषणारे शॉकअ‍ॅब्जॉर्बर डोंगरी सायकलीचे, आणि पुष्कळसे लोखंडी भाग पुण्याहून कापून, वाकवून, कधी कधी जोडूनही आणलेले. विरोधकांपैकी एका निवृत्त शिक्षकांनी सभेत उभे राहून विचारले की मग ‘स्वतः बनवलेली’ हा शब्द कशाला वापरता, जुळवलेली म्हणा. त्यांना गप्प बसवण्यात आले. या संपूर्ण वादातला सगळ्यात कसदार आक्षेप तोच होता.

कोकणच्या इतिहासात या आक्षेपाला एक जुने नाते आहे. १६५९ च्या सुमारास कल्याण-भिवंडीच्या खाडीत शिवाजी महाराजांनी लढाऊ जहाजे बांधायला घेतली तेव्हा त्या कामावर रुई लैतांव व्हिएगस या पोर्तुगीजाच्या हाताखालचे कारागीर होते. पुढे पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी या कारागिरांना फितवले आणि ते काम सोडून निघून गेले. तरीही आरमार उभे राहिले, कारण जहाज बांधायला लागणारे हात इथे होते किंवा इथे तयार झाले. आंग्र्यांच्या काळात विजयदुर्गाजवळ गिर्ये इथे खडकात कोरलेली गोदी आजही पाहता येते, आणि गुराबा व गलबते ही लढाऊ जहाजे याच किनाऱ्यावरच्या सुतारांनी उभी केली. मात्र जहाजांवरच्या चांगल्या तोफा बहुतांशी परक्यांकडून विकत घ्याव्या लागत, आणि विकणाऱ्याच्या सोयीची वेळ नसली की तो त्या विकत नसे. १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाच्या बंदरात तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले त्याची कारणे अनेक आहेत, त्यात आपल्याच लोकांची भाऊबंदकी मोठी आहे. पण सगळे काही आपले असून तोफ तेवढी परक्याची, ही उणीव मराठ्यांच्या आरमाराला शेवटपर्यंत छळत राहिली, हे नाकारता येत नाही.

म्हणून इंजिन विकत आणले यात मला कमीपणा वाटत नाही. स्पर्धेच्या नियमांना ते चालते आणि कान्होजींनाही तोफा विकत घ्याव्याच लागल्या होत्या. मला सलते ते वेगळे. कोइम्बतूरला जी साखळी तुटली ती का तुटली याची चौकशी मी त्या मुलांकडे केली. मागच्या स्प्रॉकेटचा, म्हणजे साखळी ज्यावर फिरते त्या दातेरी चाकाचा, आधार बाहेरच्या एका कारखान्यातून करून आणलेला होता. तो दोन मिलिमीटर तिरका बसत होता. आल्यावर तो कोणी मोजला नाही, कारण पैसे मोजून आणलेली वस्तू बरोबरच असणार असे सगळ्यांनी धरले. दोन मिलिमीटरने साखळी रोज थोडी थोडी घासत गेली आणि बाराव्या-तेराव्या किलोमीटरला तुटली. विरोधक म्हणतात मुले नापास झाली, समर्थक म्हणतात नशीब आडवे आले. वास्तविक जो भाग त्यांनी केला नव्हता तोच नेमका तुटला, आणि त्यांनी स्वतः जोडलेली चौकट शाबूत परत आली.

ती चौकट कशी झाली हे मी पाहिले आहे. आदल्या वर्षीच्या ऑगस्टमधली संध्याकाळ होती, पाऊस झोडपत होता, आणि कर्मशाळेत सकाळी रॉकेलने पुसलेल्या नळ्यांवर तांबूस गंज पुन्हा धरू लागला होता. गुहागरकडची एक मुलगी एका नळीच्या टोकाची अर्धगोल खाच कानशीने घासत होती. खाच दुसऱ्या नळीच्या अंगावर बसवायची, दोन्ही ट्यूबलाइटसमोर धरायच्या, फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायचे. मी तिथे असताना तिने हे सात वेळा केले. आठव्या वेळी तिने नळी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “बघा सर, आता उजेड येत नाय.” शेजारी मिरकरवाड्याच्या बाजूचा एक मिस्त्री, ज्याने जन्मभर मच्छीमारी होड्यांना फायबर चढवले, गाडीच्या नाकाडाच्या साच्यावर मुलांना काचेचे कापड कसे अंथरायचे ते दाखवत होता: दमट हवेत रेझिन कधी कालवायचे, ब्रशने बुडबुडे कसे काढायचे, कोपऱ्यात कापड कापून कसे बसवायचे. इंग्रजी पुस्तकातून हे त्या मुलांना कळले नसते आणि त्या मिस्त्रीला महाविद्यालयाच्या फाटकातून एरवी कोणी आत घेतले नसते. खर्चाच्या तक्त्यात या संध्याकाळची नोंद कुठल्या शीर्षकाखाली करणार?

खर्चाचा आणि न्यायाचा आक्षेप मात्र मला पुरता खोडता येत नाही. शेकडो मुलांच्या शुल्कातून तीस मुलांची गाडी होते, हे उघड आहे. त्या तिसांत पदरमोड करू शकणारी मुले जास्त असतात. ज्याला संध्याकाळी बापाच्या दुकानात बसावे लागते किंवा शेवटची एसटी पकडून गावी जावे लागते त्याला हा संघ परवडत नाही. मुलींचे वसतिगृह रात्री लवकर बंद होते, आणि गाडीचे काम रात्रीच रंगात येते, त्यामुळे वर उल्लेखलेली मुलगी ही संघातल्या मोजक्या मुलींपैकी एक आहे. ज्या समर्थकांना हे दिसत नाही त्यांनी ‘कोकणचे नाव’ हा शब्दप्रयोग जपून वापरावा. परंतु यावर उपाय संघ मोडणे हा आहे का? कर्मशाळा दिवसा उघडी ठेवा, संघातल्या कामाला प्रात्यक्षिकाचे गुण द्या, दुसऱ्या वर्षाच्या प्रत्येक मुलाकडून गाडीचा एक तरी भाग करून घ्या, वसतिगृहाची वेळ बदला. यांतल्या कशालाही लाख रुपये लागत नाहीत. लागते ती प्राचार्यांची सही, आणि ती मिळवणे पैशापेक्षा अवघड असते हे मला अनुभवाने ठाऊक आहे.

मुले शिकून पुण्या-बंगळुरूला जातील, कोकणाला काय मिळणार, असेही एक म्हणणे आहे. गिरणीच्या भोंग्यापासून आजपर्यंत कोकणचा माणूस चाकरमानीच होत आला. तो गाडी बनवून गेला काय आणि न बनवता गेला काय, जाणार आहेच. न जाण्याची सोय करणे हे महाविद्यालयाच्या हाती नाही. पेट्रोल जाळण्याचा आक्षेप तर थोडक्यात निकालात निघतो, कारण या स्पर्धेत विजेवरच्या गाड्यांचा स्वतंत्र गट आहे आणि संघाचा विचार तिकडे वळण्याचाच आहे. त्या गटात गाडीवर दोन मिनिटे पाण्याचा फवारा मारून वीज कुठे गळते का ते पाहतात. चार महिने पावसात राहणाऱ्यांना त्या परीक्षेची भीती दाखवण्यात अर्थ नाही.

मला या वादातली एक गोष्ट सर्वांत जास्त खटकते. गेली तीस-पस्तीस वर्षे कोकणातली प्रत्येक मोठी चर्चा ‘काय येणार’ याभोवती फिरते. दाभोळला वीज प्रकल्प येणार, जैतापूरला अणुभट्टी येणार, नाणारला किंवा बारसूला रिफायनरी येणार. आणणारे आणि अडवणारे दोघेही एका बाबतीत एकमत आहेत, की जे काही व्हायचे ते बाहेरून येऊन व्हायचे. त्या प्रकल्पांच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलण्याची ही जागा नव्हे. पण जिथे नजर सतत रस्त्याकडे लागलेली आहे तिथे तीस मुले एखादी वस्तू आपल्या हाताने करू पाहतात, आणि आपण तिच्यावर चर्चा कशी करतो? तिची किंमत काय, ती कितवी आली, तिने नोकरी किती मिळवली. म्हणजे बाहेरून आलेल्या वस्तूला जे प्रश्न विचारायचे तेच.

पुढच्या महिन्यात संस्थेच्या नियामक मंडळासमोर संघाच्या अनुदानाचा विषय येणार आहे. तिथे माझी एकच सूचना राहील. संघाने गाडीच्या प्रत्येक भागाची यादी तीन रकान्यांत द्यावी: आम्ही केलेले, करून आणलेले, विकत घेतलेले. स्पर्धेसाठी खर्चाचा हिशेब शेवटच्या नटबोल्टापर्यंत द्यावाच लागतो, तेव्हा हे काम नवे नाही. दरवर्षी मधल्या रकान्यातल्या काही नोंदी डाव्या रकान्यात सरकल्या तर अनुदान चालू ठेवावे. उलट्या दिशेने सरकल्या तर गाडी पहिली आली तरी हात आखडता घ्यावा.

ही सूचना मी मुलांच्या कानावर घातली तेव्हा त्यांच्या म्होरक्याने टेबलाच्या खणातून ग्रीसचे डाग पडलेली एक वही काढली. तिच्यात रकाने दोनच होते, आणि डावा रकाना उजव्याच्या निम्म्यानेही भरलेला नव्हता. स्प्रॉकेटच्या आधाराची नोंद उजवीकडून खोडून डावीकडे लिहिली होती. तिच्यापुढे बॉलपेनने मजकूर होता: ‘तीनदा फुकट गेला. चौथा बसला. फरक ०.२ मिमी. दोघांनी मोजला.’